कुणासाठी तरी अडवलेलं पाणी

दिवाळी उलटली की सौंसर-पांढुर्ण्याकडच्या तरुण मंडळींना पाण्याची ओढ लागते. आंबिया बहाराची संत्री तुटत असतात, कपाशीची पहिली वेचणी घरात आलेली असते, पहाटे स्वेटर लागू लागतो. मग कुणीतरी मोबाइलवर नकाशा उघडतो, आसपासचा एखादा निळा ठिपका शोधतो आणि बेत ठरतो. शनिवारी काठावर तंबू, रात्री शेकोटी, सकाळी डोंग्यातून एक चक्कर, आणि जमलंच तर गळाला एखादा रोहू. हौस चांगली आहे, ती वाढावी असंच मला वाटतं. पण त्या निळ्या ठिपक्याबद्दलची मुख्य गोष्ट नकाशा सांगत नाही. ते पाणी कुणीतरी कुणासाठी तरी अडवलेलं असतं. कुणाच्या ओलितासाठी, कुणाच्या नळासाठी, कुठल्या तरी वीजघरासाठी. ते कुणाचं आहे हे आधी विचारलं, तर तंबू कुठे ठोकायचा, होडीत कधी बसायचं नाही, मासा कुणाच्या परवानगीने धरायचा, ही बाकीची उत्तरं आपोआप मिळत जातात.

आपल्या भागाला नद्यांची ददात नाही. जाम नदी सौंसर भागातून वाहत जाऊन कन्हानला मिळते. कन्हान सातपुड्यातून उतरून रामाकोन्यावरून नागपूर जिल्ह्यात शिरते. पूर्वेला छिंदवाडा आणि सिवनीच्या सीमेवरून पेंच येते आणि तीही पुढे नागपूर जिल्ह्यात कन्हानला मिळते. ५ ऑक्टोबर २०२३ला सौंसर आणि पांढुर्णा हे तालुके छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला, पण नद्यांचा हिशेब जिल्ह्यांच्या रेषा मानत नाही. उन्हाळ्यात या नद्यांमध्ये डोह तेवढे उरतात. बारमाही मोठं पाणी पाहायचं तर धरणाकडेच जावं लागतं.

धरणाचं पाणी आणि तळ्याचं पाणी वरून सारखंच दिसतं, वागतं मात्र निराळं. निसर्गाने तयार केलेल्या तळ्याची पातळी ऋतूप्रमाणे हळूहळू बदलते. जलाशयाची पातळी ऋतूबरोबर माणसाच्या हुकमावरही बदलते. प्रत्येक जलाशयाला वरची एक हद्द असते, तिला पूर्ण संचय पातळी म्हणतात. तिच्यावरचं पाणी सांडव्यावरून किंवा दरवाज्यांतून जातं. खालचीही एक हद्द असते. तिच्याखालचं पाणी कालव्याच्या तोंडापर्यंत पोचतच नाही, म्हणून तो मृतसाठा. या दोन हद्दींमधलं पाणी म्हणजे वापराचं पाणी. आपला काठ याच दोन हद्दींमध्ये वर्षभर पुढेमागे सरकत असतो. उतार कमी असेल तिथे पातळी थोडी खाली गेली तरी पाणी पुष्कळ लांब हटतं. दिवाळीत जिथे पाय भिजले तिथे होळीला धूळ उडते.

याचं सर्वांत मोठं आणि शिकण्यासारखं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. पेंच नदीवर एकाखाली एक तीन धरणं आहेत. सर्वांत वर चौरई तालुक्यातलं माचागोरा. त्याचं पाणी छिंदवाडा आणि सिवनी जिल्ह्यांतल्या शेतीला जातं. त्याखाली दोन राज्यांच्या सीमेवर तोतलाडोह. इथे १६० मेगावॅटचं जलविद्युत केंद्र आहे आणि त्याची वीज मध्य प्रदेशाला दोन भाग, महाराष्ट्राला एक भाग अशी वाटली जाते. वीज करून सुटलेलं पाणी खाली पारशिवनी तालुक्यात नवेगाव खैरीला पुन्हा अडवलं जातं. तिथून ते कालव्यांनी शेतीला आणि नळांनी नागपूर शहराला जातं. म्हणजे नागपुरात कुणी सकाळी तोटी उघडली तर त्या पाण्याचं एक टोक छिंदवाडा जिल्ह्याच्या डोंगरात असतं. माचागोऱ्यात पाणी साठू लागल्यावर तोतलाडोहात येणारा ओघ कमी झाला. २०१९ साली पाऊस लांबला तेव्हा नागपूरकरांना दिवसाआड पाण्याची झळ बसली, ती या साखळीमुळेही.

सहलीला जाणाऱ्याने या साखळीतून काय घ्यायचं? आपण ज्या काठावर बसतो, त्याची पातळी कुठून हलते ते ओळखायचं. नवेगाव खैरीच्या फुगवट्यावर कोलितमारा इथे नौकाविहार चालतो. सौंसरहून सावनेर, पारशिवनी करत तिथे पोचता येतं. तिथलं पाणी आकाशातून पडलेल्या पावसाइतकंच वरच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर अवलंबून असतं. डोक्यावर ढगाचा टिपूस नसतानाही पाणी वर येऊ शकतं. म्हणूनच धरणाच्या खालच्या बाजूला, नदीच्या कोरड्या पात्रात किंवा वाळूच्या बेटावर तंबू कधीच ठोकू नये. वाळू मऊ असते, सपाट असते, मोह होतो. पण वरून दरवाजे उघडले की आधी पाण्याचा रंग गढूळ होतो, काटक्या आणि फेस वाहत येतो, आणि मग पात्र भरायला फार वेळ लागत नाही. भोंगा वाजला की सामान तिथेच टाकून आधी उंचावर जायचं.

जलाशयाच्या काठी तंबूची जागा शोधताना मी आधी खडकांकडे पाहतो. भरलेल्या पातळीची खूण तिथे स्पष्ट असते. खाली फिकट, गाळाचा पातळ थर चढलेला पट्टा आणि वर काळसर, शेवाळाचे डाग असलेला मूळ खडक. त्या रेषेजवळच वाळलेल्या काटक्या, शिंपले, बाटल्यांची झाकणं यांची एक ओळ पडलेली असते. तंबू त्या ओळीच्या वर, आणि शक्यतो थोड्या अंतरावर. ओळीच्या खालची जमीन दिसायला कितीही चांगली असली तरी ती पाण्याची आहे, आपल्याला ती फक्त काही महिने उघडी मिळालेली आहे.

त्या उघड्या जमिनीचा आणखी एक धोका आपल्याकडच्या माणसाला वेगळा सांगायला नको, पण शहरातून येणाऱ्याला सांगावा लागतो. आपली माती बसाल्टाची, काळी, चिकट. पाणी हटलं की वरचा थर वाळून भेगाळतो आणि चालण्याजोगा दिसतो. खाली मात्र चिखल ओला असतो. गुडघ्यापर्यंत गेलेला पाय ओढून काढायला जेवढी धडपड करावी तेवढा दुसरा पाय रुततो. गुरांच्या खुरांचे ठसे जिथे खोल गेलेले दिसतील तिथे पाय ठेवू नये. आणि पोहणाऱ्यांसाठी त्याहून महत्त्वाचं असं की, जलाशयाच्या तळाशी आधीचं गाव असतं. बांध, झाडांचे बुंधे, आणि संत्र्याच्या मुलखात तर विहिरी. काठाकाठाने कमरेइतक्या पाण्यातून चालणाऱ्या माणसाखालची जमीन एका पावलात नाहीशी होऊ शकते. ओळखीच्या नसलेल्या जलाशयात पोहायला उतरायचंच नाही, हा नियम मला अजिबात कडक वाटत नाही.

पाणी हटलेल्या याच पट्ट्यावर दुसऱ्या कुणाचा तरी संसार चालतो. गाळाची सुपीक जमीन उघडी पडली की तिथे टरबूज, काकडी, भाजीपाला, हरभरा घेतात, त्याला गाळपेर म्हणतात. नदीच्या वाळूत ढीवर-कहार मंडळींच्या डांगरवाड्या असतात, तशीच ही शेती. लहान तलावांत शिंगाड्याचे वेल सोडलेले असतात, तेही पेरलेलं पीकच आहे. पाण्यावर तरंगणारी हिरवी पानं म्हणजे नुसतं शेवाळ असं समजून त्यातून डोंगा घुसवणारे पाहुणे मी पाहिले आहेत. त्या वेलांचं नुकसान कोण भरून देणार? जंगलात या पट्ट्याचे धनी वेगळे. तोतलाडोहाचं पाणी उन्हाळ्यात उतरतं तेव्हा उघड्या जमिनीवर कोवळं गवत फुटतं आणि चितळांचे मोठे कळप तिथे चरायला येतात. बाकीचं रान करपलेलं असताना पेंचच्या जनावरांना हा हिरवा पट्टा तारतो.

आता होडी. जलाशयावरचा वारा काठावर बसून कळत नाही. वाऱ्याला जेवढं मोकळं पाणी सलग मिळतं तेवढी लाट मोठी होते. अरुंद खाडीसारख्या फाट्यात पाणी आरशासारखं स्थिर असतं, आणि टेकडीचं टोक ओलांडून मोठ्या पाण्यात आलं की होडी आडवी हलू लागते. धरणावरच्या लाटा समुद्रासारख्या लांब नसतात. आखूड, उभ्या, एकामागून एक लगेच येणाऱ्या असतात. म्हणून कमी उंचीच्या होडीत त्या लवकर पाणी भरतात. हिवाळ्यातली सकाळ सर्वांत चांगली. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा उठतो, आणि वैशाखातलं वादळ तर पाच-दहा मिनिटांत येतं. त्या दिवसांत दुपारच्या आत काठाला लागावं.

होडी बुडते ती बहुधा लाटेपेक्षा माणसांमुळे. होडीचा जेवढा काठ पाण्याच्या वर उरतो तेवढंच तिचं आयुष्य. माणूस वाढला की तो काठ खाली जातो. त्यात कुणी उभं राहिलं, सगळे एका बाजूला झुकले, की पाणी आत येतं, आत आलेलं पाणी त्याच बाजूला धावतं आणि होडी उलटते. ९ जुलै २०१७ रोजी नागपूरजवळच्या वेणा जलाशयात ८ तरुण बुडाले. होडीत मोबाइलवर चित्रण चाललं होतं. १४ सप्टेंबर २०२१ला वरूड तालुक्यात झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जण गेले. वरूड म्हणजे पांढुर्ण्याला लागून असलेला तालुका, सोयरीक-संबंधांचा. ही बातमी आपल्याकडे घराघरात पोचली होती. तरीही आज तुम्ही कुठल्याही तलावावर जा, कोळ्याच्या डोंग्यात लाइफ जॅकेट नसतं आणि पाहुणे ते मागतही नाहीत. मासे धरायचा डोंगा एक-दोन माणसं आणि जाळं यांच्यासाठी बांधलेला असतो. डोंगेवाल्याला चार पैसे जास्त देऊन सात जण बसणं म्हणजे त्याच्यावर उपकार करणं नव्हे. त्याला नाही म्हणता येत नाही, म्हणून आपणच म्हणावं. अधिकृत नौकाविहार असेल तिथेच बसावं, जॅकेट अंगात घालून बंद लावावेत, मांडीवर ठेवू नये.

मासळीकडे येऊ. पाणी सरकारचं, म्हणून त्यातला मासा ज्याला मिळाला त्याचा, अशी एक सर्रास समजूत आहे. ती का चुकीची आहे हे समजायला माशाच्या जन्मापासून सुरुवात करावी लागते. कटला, रोहू आणि मिरगल हे आपले तीन मुख्य मासे मुळात नदीचे. पावसाळ्यात नदीला नवं पाणी आलं, ते काठावर पसरलं, की त्या वाहत्या उथळ पाण्यात ते अंडी घालतात. साठलेल्या पाण्यात ते वाढतात, जाडजूड होतात, पण सहसा वीण होत नाही. पूर्वी तलावात मासळी हवी तर नदीतून पिल्लं गोळा करून आणावी लागत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून साठलेल्या पाण्यात या माशांची वीण घडवून आणली. तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रात तयार होऊ लागलं आणि देशभरच्या तलावांचा हिशेब बदलला. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यपालक दिन त्याच कामाच्या आठवणीचा.

म्हणजे तुमच्या गळाला लागलेला रोहू बहुतेक वेळा कुणीतरी विकत आणून, बोटाएवढा असताना पाण्यात सोडलेला असतो. मध्य प्रदेशात लहान-मध्यम तलाव पंचायतींमार्फत मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना आणि गटांना पट्ट्याने दिले जातात. मोठे जलाशय राज्याच्या मत्स्य महासंघाकडे असतात. संस्थेचे सभासद पट्ट्याची रक्कम भरतात, बीज सोडतात, राखण करतात आणि मग मासा काढतात. गळ टाकण्याआधी त्या संस्थेच्या माणसाला विचारणं हा शिष्टाचार तर आहेच, कायदाही आहे. बहुतेक ठिकाणी गळाने एखाद-दुसरा मासा धरायला ते हरकत घेत नाहीत. जाळं मात्र पाहुण्याने टाकायचं नाही.

पावसाळ्यात तर गळही नको. राज्यात १६ जून ते १५ ऑगस्ट हा मासेमारी बंदीचा काळ असतो. अंडी भरलेली मादी याच दिवसांत प्रवाहाच्या उलट चढते, आणि नेमकी तेव्हाच ती सांडव्याखाली, ओढ्याच्या तोंडाशी हाताने धरण्याइतकी सोपी सापडते. मरळीचं आणखी वेगळं. ती साठलेल्या पाण्यातच विते आणि पिल्लांची राखण करते. गवताच्या कडेला पाण्याच्या पृष्ठभागावर तांबूस-केशरी पिल्लांचा घोळका बुडबुड्यांसारखा खालीवर होताना दिसला तर त्याच्या खाली आई असतेच. तिला उचकवणं सोपं असतं, कारण पिल्लांजवळ आलेल्या कशावरही ती झडप घालते. तिला तेव्हा धरलं तर तो सबंध घोळका दिवसभरात दुसऱ्या माशांच्या पोटात जातो.

गळ टाकून बसणाऱ्याला मासे कुठे चरतात हे ठाऊक असलं की ताटकळणं कमी होतं. कटला वरच्या थरात पाण्यातले सूक्ष्म जीव खातो, रोहू मधल्या थरात, मिरगल तळाशी. तिघं एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत, म्हणून एका तलावात तिघांना एकत्र सोडतात. कणकेत शेंगदाण्याची ढेप कालवून केलेल्या गोळीवर रोहू आणि मिरगल येतात. तळ्यात पाणी चढत असेल तेव्हा नव्याने बुडालेल्या गवताच्या कडेला बसावं, तिथे किडे-गांडुळं पाण्यात आलेली असतात. कडक थंडीत मासा मंदावतो, तेव्हा पहाटेपेक्षा उन्हं वर आल्यावरचा वेळ बरा. गळाला महसीर लागला तर हात ओले करून गळ काढावा आणि त्याला परत सोडावा. तो मध्य प्रदेशाचा राज्यमासा आहे, वाहतं स्वच्छ पाणी त्याला लागतं, आणि धरणांनी त्याच्या वाटा अडवल्यामुळे तो नद्यांतून कमी झाला आहे.

पण मासा कुणाचा हा प्रश्न सगळ्यात टोकाला गेला तो तोतलाडोहातच. धरणाने सुमारे ७२ चौरस किलोमीटरचं पाणी तयार झालं, त्यातलं ५४ मध्य प्रदेशात. हे पाणी ज्यांच्या गावांवर आलं ते आदिवासी, शेती गेल्यावर, त्याच पाण्यात मासेमारी करू लागले. दरम्यान भोवतालचं जंगल राष्ट्रीय उद्यान करायचं ठरलं, आणि १९९२ साली मध्य प्रदेशातलं पेंच व्याघ्र प्रकल्प झालं. राष्ट्रीय उद्यानात मासा हाही वन्यजीवच. मध्य प्रदेश शासनाने ३०५ कुटुंबांना मासेमारीचे परवाने दिले, त्याविरुद्ध एक पर्यावरणवादी संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. ५ मार्च १९९७च्या निकालात न्यायालयाने जंगल राखणं आणि विस्थापितांची भाकरी या दोन्ही बाजू मोजल्या आणि परवाने रद्द न करता अटी घातल्या. छायाचित्राचं ओळखपत्र, ठरलेल्या वाटेनेच ये-जा, काठावर चूल पेटवायची नाही, कचरा टाकायचा नाही, धरलेल्या मासळीची नोंद ठेवायची. आज उद्यानाच्या त्या पाण्यात मासेमारी बंद आहे आणि तिथे गळ टाकणं गुन्हा आहे. कायदा पाळायलाच हवा. पण तोतलाडोहाच्या काठाने जाताना, ज्यांची घरं त्या पाण्याखाली आहेत त्यांना काठावर चूल पेटवायलाही मनाई होती, हे शेकोटीचा हट्ट धरणाऱ्या पाहुण्याने लक्षात घ्यावं.

विस्थापितांच्या हातात पाणी दिलं तर ते ओरबाडतात, असा आक्षेप घेतला जातो. नर्मदापुरम जिल्ह्यातल्या तवा जलाशयाचा अनुभव वेगळा आहे. तिथल्या धरणग्रस्त आदिवासींनी लढून १९९६ साली मासेमारीचा हक्क मिळवला आणि तवा मत्स्य संघ या नावाने स्वतःचा सहकार उभा केला. बंदीचा काळ पाळला, बीज सोडलं, विक्री आपल्या हातात ठेवली. दहा वर्षांनी पट्टा संपला आणि जलाशय पुन्हा महासंघाकडे गेला. मला तो निर्णय आजही पटलेला नाही. खंडवा जिल्ह्यात हनुवंतियाला २०१६पासून जल महोत्सव भरतो, इंदिरा सागरच्या काठी आलिशान तंबू लागतात, मोटारबोटी धावतात. त्याच जलाशयाने २००४ साली हरसूद हे भरलेलं गाव गिळलं. पर्यटनाला माझा विरोध नाही. तंबूंच्या भाड्यातला आणि बोटींच्या तिकिटातला ठरलेला वाटा बुडीत गावांतल्या कुटुंबांना मिळावा, होडी चालवण्याचं काम आधी त्यांच्या मुलांना मिळावं, एवढंच म्हणणं आहे. कोलितमाऱ्यासारख्या लहान ठिकाणी हे जमवणं सोपं आहे, कारण तिथे गाव काठावरच आहे.

पेंचकडे जाणार असाल तर अजून एक. जानेवारी २०२४मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. भोवतालच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे खाली प्रकाश पडेल असे बदलले गेले, आणि अमावास्येच्या आसपास तिथे आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते. मुक्काम गाभ्याच्या जंगलात करता येत नाही, बाहेरच्या गावांतल्या निवासांमध्ये आधी नोंदणी करून राहावं लागतं. तिथे झोतदिवे आणि स्पीकर नेऊ नयेत.

आपल्या जवळच्या लहान तलावावर जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने धरावे. आधी जलसंसाधन विभागाच्या चौकीवर किंवा सरपंचांकडे मुक्कामाचं विचारावं आणि रब्बीचं पाणी कालव्याला कधी सुटणार तेही विचारून घ्यावं, कारण तेव्हापासून काठ रोज मागे सरकू लागतो. मासळी गळाला लागली नाही तरी उपाशी राहण्याचं कारण नाही. संस्थेचे लोक पहाटे जाळी काढतात आणि सूर्य वर यायच्या आत काठावरच वजन होतं. तिथेच ताजा मासा विकत घ्यावा. भाव बाजारापेक्षा फार कमी करून मागू नये.